बेचाळीस अंश

गॅसची पाकिटं संपली की आम्ही बरणी काढतो,
लोणच्याचीच म्हणा ना, रुंद तोंडाची.
आत कोळशाच्या भुकटीने काळ्या केलेल्या थाळ्या,
वरच्या थाळीवर एक बुटकी मेणबत्ती,
झाकणाच्या कडेला व्हॅसलीनचं बोट.
ज्योत पिवळी पडते, मान टाकते, विझते.
जी हवा तिला पुरली नाही
ती ह्याला पुरते.

परळ, तिसरा मजला, खोली अकरा.
ह्याचं नाव कॅम्पायलोबॅक्टर.
आमचे प्यून घाडीगावकर म्हणतात, कॅम्पवाला आला का?
फार हवा सोसत नाही, अजिबात नसली तरी चालत नाही.
ऊब मात्र बेचाळीस अंश हवी,
कोंबडीच्या पोटात असते तेवढी.
तिथे तो बिनभाड्याचा राहतो.
कोंबडी दाणे टिपते, पिसं साफ करते,
तिचं काहीच बिघडत नाही.

शेजारच्या पशुवैद्यकीयमधून चिखलीकर मॅडम येतात,
चहा पिता पिता ह्याच्या चुलतभावाच्या तक्रारी सांगतात.
मेंढी भरत आलेली गाभडते.
गाय फळत नाही, पुन्हापुन्हा उलटते,
गवळी नशिबाला बोल लावतो,
आणि वळू आपला ठणठणीत, गावभर फिरून हा वाटणारा.
"ज्याला काही होत नाही ना," मॅडम म्हणतात,
"आधी त्याला तपासायचं."

नमुना तीनशे सतरा. पुरुष, वय चव्वेचाळीस, भांडुप.
अठ्ठेचाळीस तासांनी बरणी उघडली.
काळ्यावर राखाडी ओलसर थेंब,
सुईच्या रेघेवरून ओघळल्यासारखे.
भिंगाखाली तेच ते, पसरलेले पंख,
खाडीवर हिवाळ्यात येतात त्या पाखरांचे,
आणि ताज्या थेंबात स्क्रूसारखी गिरकी घेत
इकडून तिकडे सुटलेले.
मी रजिस्टरमध्ये लिहिलं. अक्षर नीट आलं.
तीनशे सतरा म्हणजे हेरंब, माझा नवरा.

रविवार आठवला.
मोईनच्या दुकानातली सव्वा किलो,
आईने शिकवलेली, तीन पाण्यांनी धुतलेली,
नळ जोरात सोडून.
ओट्यावर उजवीकडे सोललेली काकडी.
रस्सा तासभर रटरटला, त्याचा काही दोष नाही.
कोशिंबीर कोण उकळतं?
मला काकडी बाधते, मी खाल्ली नाही.

पोटात पीळ, ताप, शौचाला रक्त,
आठ दिवसांत सगळं आवरलं.
आम्ही मऊ भातावर तूप घालून सुटकेचा श्वास घेतला.
तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पायातून चप्पल निसटली.
मग जिना चढवेना.
मग मला म्हणाला, पाय आहेत, पण माझे वाटत नाहीत.

ह्या जंतूच्या अंगावर एक साखर असते.
आपल्या नसांवरही जवळजवळ तशीच.
जंतू कधीच गेलेला असतो,
पण पहारेकऱ्यांच्या हातात अजून त्याचं वर्णन असतं,
आणि ते घरातल्याच माणसाला धरून बडवतात.
हे मला पाठ होतं. विद्यार्थ्यांना मीच शिकवते.
वॉर्डातल्या स्टुलावर बसून
त्यातला एक शब्द त्याला सांगता आला नाही.

बाविसाव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला.
सिस्टर रेबेलो टाळी वाजवून हसल्या,
मी बाहेर जाऊन बाटली भरून आणली, भरलेलीच होती ती.

आता तो भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत येतो.
काल म्हणाला, आज चिकन मी करणार,
तू बस.
पिशवी उघडली, भांडं घेतलं, नळ सोडला.

धुऊ नकोस, मी म्हणाले.

का?

पाणी पडत होतं.
त्याने नळ बंद केला नाही,
माझ्याकडे नुसतं पाहत राहिला,
आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.