मापात पाप

ठरलं ते असं, लुझुको :
तुझे कपडे मी शिवायचे, माझे तू,
आणि त्या दिवसापर्यंत एकमेकांना दाखवायचे नाहीत.
मग मापं कशी घ्यायची, तू विचारलंस.
मी म्हणाले, मी घेतलीत.
तू झोपला होतास. हाताशी सुतळी होती.
गाठी मारत गेले,
खांदा, छाती, कंबर, दंडापासून मनगट.

दिवसा मी पवनचक्क्या दुरुस्त करते.
ग्रीसच्या बोटांनी सुई धरायची
म्हणजे आधी साबण, मग राख, मग पुन्हा साबण.
फान झाइलच्या शेतावरचं पाणी चालू करून दिलं,
त्यानं पैशांऐवजी दोन पोती लोकर दिली.
ती मी न्हाणीत गरम पाण्यात तुडवली, चार रात्री,
तेव्हा कुठे नमदा झाला कोटाजोगा.
अस्तर ताडपत्रीचं.
आतून तू ट्रकसारखा दिसशील.

आई विचारते, पाद्री कोण?
कुणी नाही.
चर्च कुठलं मग?
एक कासव आहे, मी सांगते,
जुन्या दारांचं, चाळीस फुटी.
केप टाउनची सात पोरं महिनाभर वाळवंटात ते ठोकतायत.
त्याच्या पोटाखाली सावली पडते,
तिथे उभं राहायचं.
आणि मग?
मग शेवटच्या रात्री ते जाळतात.
आई फोन कानाला लावून किती तरी वेळ गप्प.
मग म्हणते, हेस्टर, पाणी किती न्यायचं म्हणालीस?
माणशी रोज पाच लिटर.
मी दहा आणते.
केस नाही का धुवायचे नवरीचे?

तुझी आई मात्र दुकानातून थेट माझ्या दारात,
काखेत निळा श्वेश्वे.
कापडाचं टोक तिनं जिभेवर ठेवलं,
खारट आहे, म्हणाली, म्हणजे खरं आहे.
मग मला दिलं चाखायला.
असा आमचा साखरपुडा झाला, मिठाचा.
नियम तिला ठाऊक नव्हता.
मला आता निळा ठाऊक आहे,
आणि ठाऊक नसल्याचा चेहरा
मी आरशात शिकतेय.

पाहुण्यांनाही कळवलं :
स्वतः शिवलेलंच घालून या, एक टाका असला तरी चालेल.
दानी मामाचा निरोप आला :
खिशाला बटण लावलंय, मोजाल ना?
मोजू, मामा.
तिथे दुकान नाही, पैसा चालत नाही,
दुपारी दोनला वारा उठतो
आणि सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे करून टाकतो.

कायद्याचं लग्न मंगळवारी,
कॅल्विनियाच्या सरकारी खिडकीवर, नंबराची चिठ्ठी घेऊन.
तिथल्या बाईंनी बजावलंय,
पायात काहीतरी घालून या.

लग्न पाहावं करून, म्हणतात.
मी आज कोट टांगला आणि पाहिलं :
डावी बाही चार बोटं लांब.
सुतळी पुन्हा काढली, गाठी मोजल्या.
सुतळीनं फसवलं नव्हतं.
त्या रात्री तुझा डावा हात
माझ्या उशीखाली होता, ताणलेला,
मी नव्हते त्या जागेपर्यंत.
मापात पाप ते हेच असावं.
कात्री घेतली.
खाली ठेवली.
बाही दुमडता येते, थंडीत उलगडताही येते,
आणि कारूत एप्रिलच्या रात्री थंडी असते.

उद्या पहाटे निघायचं.
पलीकडच्या खोलीत तुझं मशीन अडतं,
तू शिवी देतोस, माफी मागतोस, मशीनचीच,
पुन्हा टकटक.
दाराच्या फटीतून एक निळा धागा
माझ्या बाजूला आलाय, वीतभर.
मी तो पायाच्या अंगठ्यानं
हळूच आत सारते.