उतरणारे

बॅगा रात्री बाराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या होत्या,
जांभळी पट्टी बांधून, एकोणीस नंबरची.
शालनने ठेवल्या.
माझी पँटही त्यातच गेली.
पहाटे साडेपाचला कळलं.
आता रेघांचा लेंगा, वर जावयाने घेतलेलं जाकीट,
असाच मी दुबईत उतरणार आहे.

काचेबाहेर धुकं. पाणी नाही, आभाळ नाही.
धुक्यातून अजान आली
तेव्हा समजलं, जमीन आहे कुठेतरी.
मग एक पिवळी होडी आली लगटून,
तिच्यातला माणूस दोरीची शिडी धरून
चालत्या जहाजावर चढला.
चालत्या गाडीत चढणाऱ्यांना
मी एकतीस वर्षं शिव्या घातल्या, कराड–चिपळूण.
हा म्हणे पायलट. याच्याशिवाय बंदर लागत नाही.

दाराखालून बिल सरकवलंय.
दोन कॉफ्या, ज्या आम्हाला फुकट वाटल्या होत्या.
एक फोटो कप्तानाशेजारी, माझे डोळे मिटलेले.
मी बेरीज पुन्हा करतो.
वेबिल जुळल्याशिवाय डेपोतून कोणी घरी जात नसे.
एकदा साडेचार रुपये कमी आले,
कुंभार्ली घाटात कुठेतरी सांडले असतील,
अजून सापडायचेत.
इथे सगळं जुळतं. उगाच हिरमोड होतो.

बस्त्याव दारात उभा, मागे चादरींची गाडी.
वेंगुर्ल्याचा पोरगा.
रोज रात्री टॉवेलचं काहीतरी करून ठेवायचा:
हत्ती, ससा, एकदा हँगरला लोंबणारं माकड,
त्याच्या नाकावर माझा चष्मा.
शालन हत्ती मोडू द्यायची नाही,
अंग पुसायला दुसरा टॉवेल मागायची.
आज पलंगावर काही नाही.
"आठ वाजेसर रवा काका," तो म्हणतो,
"पण माका अजून सतरा खोल्ये काढूचे आसत."
शालन त्याला पाकीट देते,
वर तिच्या अक्षरात: चि. बस्त्याव यांस.

चार वाजता इथे दुसरे लोक येणार.
कुठले, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं.
मलाही कधी माहीत नसायचं.
कुणाच्या तरी अंगाची ऊब सीटवर तशीच असायची
आणि नवा माणूस रुमाल टाकून बसायचा.

नाश्त्याला झुंबड.
बहारीनपर्यंत डुलत चालणारी माणसं
आज कोपरांनी चालतात.
रोज रात्री नाचणाऱ्या त्या जर्मन बाई
बूट घालून, छत्री घेऊन, कोणालाच ओळखत नाहीत.
शालनने दोन केळी पर्समध्ये टाकली.
मी पाहिलं नाही असं पाहिलं.

मग थिएटरात बसवलं,
जिथे परवा जादूगाराने एका बाईचे दोन तुकडे केले होते.
नंबर पुकारतात. हिरवा सात. केशरी बारा.
पाय शिवशिवतात माझे,
उठावं, वरच्या दांडीला धरून ओरडावं,
उतरणारे पुढे या, सामान बघून घ्या,
म्हातारी माणसं आधी.

त्याऐवजी मी खोलीत परत गेलो.
गाडी रिकामी झाली की एकदा मागपर्यंत जायचं,
सीटखाली बघायचं: डबा, चप्पल,
एकदा झोपलेलं पोर.
गादी उघडी. बस्त्यावने नवी चादर झटकली,
"काय रवला काय?"
काही नाही रे, म्हटलं. सवय.

जांभळा एकोणीस.
उतरताना कार्ड लावलं, यंत्र एकदाच वाजलं.
एक घंटी म्हणजे थांबा, हे बाकी इथेही तेच.
स्वरूपाचा फोन, शारजाहून निघालोय, ममझारपाशी अडकलोय,
सावलीत उभे राहा.
धुकं फाटलंय. क्रेनची माना वर केलेली रांग,
आणि सिमेंट हलतंय पायाखाली,
सरळ, कोरडं सिमेंट.
शालनने माझी बाही धरली.
"थांबली का हो?"
थांबली, म्हटलं.
चल, आधी पँट शोधू.