उणे अडतीस

पहाटे बाबा व्हॅनच्या बॉनेटवरून नमदा काढतो,
रात्रभर इंजिनाला पांघरलेला, मेंढीच्या वासाचा.
उणे अडतीस. उलानबातरच्या या उतारावर
कोळशाचा धूर वर जायचं विसरलाय,
घरांच्या गुडघ्यांशी बसून आहे.

मी परवा आले, चार वर्षांनी,
इर्कुत्स्कच्या गाडीनं, बॅगेत तेलाचा कॅन घेऊन.
"यात जस्त जास्त आहे," म्हटलं, "तुझ्या म्हाताऱ्या गाडीसाठी.
नव्या तेलांत कमीच घालतात,
धुराच्या नळीतली जाळी बिघडते म्हणून."
त्यानं कॅन हलवला, कानाशी धरला,
कलिंगड निवडताना धरतो तसा.
"जस्त बादलीला लावतात," म्हणाला.

माझं काम सांगायला सोपं आहे:
पोलादाचा गोळा पोलादाच्या चकतीवर फिरवायचा.
दिवसभर. याचाच पगार.
आरशासारखी चकती, पण भिंगाखाली
नुसती शिखरं आणि खिंडी.
तेल पुरतं तोवर शिखरं तरंगतात.
रेटा वाढला, वेग पडला की तेल बाजूला सरतं,
शिखराला शिखर भिडतं,
क्षणभर चिकटतं, तुटतं.
झीज ती हीच.

आणि तेलात विरघळलेलं ते जस्त,
त्याच्या जोडीचा फॉस्फरस, थोडं गंधक,
इतका वेळ घरभर हिंडणाऱ्या
बिनकामाच्या मेव्हण्यासारखं,
नेमकं तिथं मोडतं.
मोडतं आणि पोलादावर बसतं,
काचेसारखा थर, ठिगळाठिगळांचा.
केसाच्या जाडीचे सातशे भाग करा, त्यातला एक.
मग धातूची झीज तो थर सोसतो.
खरवडला गेला की त्याच जागी पुन्हा बसतो,
कॅनमधलं संपेपर्यंत.
जिथं कधी घासलंच नाही
तिथलं पोलाद जवळजवळ कोरं.

हे सगळं काल जेवताना सांगितलं,
दोन चमचे एकमेकांवर घासून.
याच टेबलावर, गॅरेज पुढे कोण बघणार यावरून
आमचं शेवटचं बोलणं झालं होतं.
"म्हणजे भांडणाऱ्यांचं बरं चालतं म्हणतेस?"
मी तसं म्हटलं नव्हतं.
त्यानं चहात मीठ टाकलं, ढवळायला काही नव्हतं,
चमचे माझ्या हातात.
"माणसांत जस्त नसतं, ओतगोन," म्हणाला,
आणि कप तसाच घेऊन बाहेर गेला,
गॅरेजमध्ये, उशिरापर्यंत.

आता तो व्हॅनखाली आडवा,
ब्लो-लॅम्पनं तेलाचं भांडं शेकतोय.
हातमोज्यात नऊ बोटं. दहावं
अठ्ठ्याऐंशी साली एका फॅनबेल्टनं नेलं.
मी चावीवर हात ठेवून.
पुढचे पाच सेकंद मला पाठ आहेत:
पंप ओढत असेल आणि येत काही नसेल,
तेल मधापेक्षा हट्टी,
कॅम आणि टॅपेट यांच्यामध्ये तेवढ्यापुरतं
फक्त आधीच्या दिवसांचं बसलेलं,
काल, परवा, मी नव्हते तेव्हाचं.

"मार!" तो खालून ओरडतो.
स्टार्टर कण्हतो.
पुन्हा. काहीतरी खोकतं, थांबतं.
तिसऱ्यांदा अख्खी व्हॅन
ओल्या कुत्र्यासारखी अंग झाडते,
आणि लागते. टकटक टकटक,
मग टकटकीवर हळूहळू काहीतरी चढतं.

तेव्हा मला फळीवर कॅन दिसतो.
रिकामा. मधोमध कापलेला,
एका अर्ध्यात नटबोल्ट घालूनही झालेत.

बाबा बाहेर येतो, भुवयांवर बर्फ.
"टकटक कमी झाली."
"इतक्यात नाही होत. थर बसायला वेळ लागतो."
"मला ऐकू येतं."
मी वाद घालत नाही. मोजमाप माझ्याकडे आहे,
कान त्याच्याकडे.
"परत कधी निघतेस?"
"रविवारी."
"तोवर बाजारात तूच घेऊन जा गाडी."
आणि नमदा घडी करून
माझ्या गुडघ्यांवर टाकतो,
इंजिनाचा, मेंढीचा, तेलाचा वास,
आतल्या बाजूनं अजून किंचित कोमट.