तिसरं उत्तर

रुजू झाले तेव्हा ठाण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये
लाल बासनांत माणसं बांधून ठेवलेली होती.
टेमघरे भाऊसाहेब गाठ सोडताना
आधी शिंकायचे, मग नाव सांगायचे.
त्यांना सगळं ठाऊक असायचं:
कुठल्या बहिणीचं नाव उताऱ्यावर उशिरा चढलं,
कुणाच्या जन्मनोंदीत बापाचा रकाना कोरा.
चहाबरोबर तेही वाटलं जायचं.

तिथंच शिकले मी माझं काम,
म्हणजे, काय करायचं नाही ते.

पुढची बावीस वर्षं महाप्याला, मे महिन्यातही शाल पांघरून.
दोन खात्यांमधली भिंत मी पाडली नाही.
तिला एक फट ठेवली, पोस्टकार्डाएवढी,
एक प्रश्न आत जाईल, एक उत्तर बाहेर येईल, बस.
पेन्शनवाले विचारतात: ही बाई हयात आहे?
मृत्यूचं रजिस्टर म्हणतं: हो.
किंवा: नाही.
कशानं गेली, कुठल्या वॉर्डात, उशाशी कोण होतं,
यातलं काही पलीकडे जात नाही.

बैठकीत म्हणाले, एवढंच? सगळंच पाठवा की,
उपयोगी पडेल.
'उपयोगी पडेल' या दोन शब्दांशी
मी अकरा वर्षं भांडले.

आणि तरी बेबीबाई मढवी, राहणार दिवागाव, ऐरोली,
यांना आम्ही सात महिने मारून ठेवलं.
दुसरी एक बेबीबाई मढवी वारली होती,
गाव तेच, नवऱ्याचं नाव तेच,
जुळणी शंभरात ब्याण्णव.
ब्याण्णव पुरे, असं ठरवणारी सही माझी.
त्या बेलापूरला आल्या, चौथ्या मजल्यावर, जिन्यानं,
पिशवीत विजेचं बिल, पणतवाच्या बारशाचा फोटो,
फोटोच्या कोपऱ्यात तारीख, तारखेशेजारी त्या.
"बाय, मी मेली तं मना कोनी सांगला कसा नाय?"

हसलं नाही कुणी.
पंखा तेवढा फिरत होता.

त्या आठवड्यात मी तिसरं उत्तर लिहिलं:
*माहीत नाही. माणसानं जाऊन पाहावं.*
यंत्राला हे शिकवायला चार दिवस लागले,
वरिष्ठांना दोन वर्षं.

घरी वेगळीच तऱ्हा.
थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, घणसोलीचं स्थळ आलंय,
मुलाचं आधी लग्न झालंय का, बघ ना जरा,
तुझंच तर आहे सगळं.
म्हटलं, मला नाही दिसत.
दिसू नये असंच बांधलंय.
त्यांना ते खोटं वाटलं, अजून वाटतं.
त्या वर्षीपासून दिवाळीचा डबा आला नाही.

टेमघरे गेले ते मला त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं,
नवव्या दिवशी.
माझ्या यंत्रणेला आधीच कळलं होतं.
माझ्यासमोरूनच गेली असेल ती नोंद,
कुलूपबंद, नुसत्या आकड्यांची ओळ होऊन.
तिनं मला सांगितलं नाही.
शहाणी.

आज माझ्याकडचा किल्लीचा तुकडा परत केला.
पाच तुकडे, पाच माणसं,
तिघं एकत्र बसल्याशिवाय उघडत नाही काही.
तळोज्याची तहसीन मुकादम, वय एकोणतीस,
लिफाफ्याची लाख उजेडात धरून तिनं दोनदा तपासली.
मला बरं वाटलं, माझ्यावरही विश्वास न ठेवणारी मिळाली.
मग हळूच म्हणाली,
मॅडम, ते तिसरं उत्तर काढा म्हणतायत, वेळ खातं.
मी शालीची घडी घातली.
काय म्हणाले ते सांगत नाही,
तिची अजून नोकरी आहे.

खाली उतरले. पारसिकच्या डोंगरावर ऊन अजून टेकलेलं.
येत्या नोव्हेंबरात एक कार्यालय दुसऱ्याला
माझ्याबद्दल विचारेल.
कुणी शिंकणार नाही, चहा मागवला जाणार नाही,
जाऊबाईंचा डबा, गुडघा, रात्रीची झोप,
काही विचारलं जाणार नाही.

उत्तर यायला पाव सेकंदही लागत नाही.
तरी तेवढ्यात
मी असेन
भिंतीच्या त्या फटीत, कुठल्याच बाजूला नाही.