तयार सदरा

स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून
दोन पायांत जाडजूड पुस्तक धरून उभी आहे.
पेन्सिलची खूण. मग टेप.
अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर.
पुन्हा घेतलं तर सत्याहत्तर.
शेफील्डमध्ये माझं माप घ्यायला दुसरं कोण आहे?

टेबलावर दोन कागद.
पहिल्यावर: निळी, अॅल्युमिनियमची,
पुढचा चिमटा कार्बनचा,
अकराशे पौंड, शनिवारी या आणि घेऊन जा.
दुसऱ्यावर: ऑक्सलीच्या शेडमधली पोलादी फ्रेम,
साठ पौंड, जांभळा रंग जागोजागी उडालेला,
आणि त्याखाली वाण्याच्या यादीसारखं
चाकं, ब्रेक, गिअर, चेन, केबली,
पेडलच्या आसाचं बेअरिंग
(त्याचे आटे इंग्रजी की इटालियन, ऑक्सलीला आठवत नाही),
ते बसवायला लागणारा पाना,
आयुष्यात एकदाच लागणारा.
बेरीज तीनदा केली.
तेराशे चाळीस.

ऑक्सली एकतीस वर्षं कानशींच्या कारखान्यात होता.
शेडच्या आढ्याला त्याच्या अकरा फ्रेमी टांगलेल्या,
एकीलाही चाक नाही.
"विकत घे," म्हणाला, "बांधणारे लोक सायकल चालवत नाहीत,
माझ्याकडे बघ."
मग त्यानं जांभळ्या नळीवर नखानं टकटक केली
आणि आवाज विरेपर्यंत
दोघंही गप्प राहिलो.

तासगावात आप्पांचं दुकान आठ बाय दहा.
समोर तयार कपड्यांचं दुकान निघालं, फिक्स रेट,
त्या दिवाळीत आप्पांनी धाकट्याचा सदरा तिथून आणला.
शिंप्याच्या घरात पुठ्ठा घातलेला, टाचण्या टोचलेला सदरा.
आई काही बोलली नाही.
चकल्या मोडत होत्या, तिकडेच बघत राहिली.
कापड, अस्तर, बटणं, काजं, वर दोन रात्री:
आप्पांनीही बेरीज केली असणार,
तीनदा.

रात्री पायमशीन ऐकू आलं.
दाराच्या फटीतून पाहिलं तर
त्यांच्या हातात ब्लेड, मांडीवर तो सदरा,
एक खांदा पूर्ण उसवलेला.
मला वाटलं, रागावलेत.
वाटलं, आता फाडतील.
पण ते टीप वाचत होते,
कुणा अनोळखी माणसाचं पत्र वाचावं तशी,
ओठ हलवत.
सकाळी सदरा खिळ्यावर होता,
खांदा अर्धा इंच आत घेतलेला,
आणि बनियनला चिकटलेले पांढरे दोरे घेऊन
आप्पा दुकानात गेले होते.

शनिवारी निळी आणली.
रविवारी रिंगिंगलोच्या चढावर
तिसऱ्या वळणाशी उतरून हातात धरून चालले.
एक मेंढी बघत होती. तिनं काही म्हटलं नाही.
सायकल चांगली आहे. खोटं कशाला बोलू?
फक्त माझ्यापेक्षा लांब हाताच्या
कुणासाठी तरी केलेली.

सोमवारी रात्रपाळी संपवून आले,
कोट न काढताच खाली बसले.
षटकोनी चावी. हँडलचा दांडा काढून दोन सेंटिमीटर आखूड लावला.
सॅडल दोन बोटं मागे.
हँडलवरची पट्टी सगळी सोडून
डाव्या बाजूला दुहेरी गुंडाळली,
डावं मनगट पावसाळी हवेत दुखतं म्हणून.
कुणी गुंडाळली असेल आधी?
किती घट्ट होती. शेवटचं टोक
किती नेटकं आत खोचलेलं.
माझे ओठ हलत होते की काय, माहीत नाही.

एक वॉशर उरला.
कुठला, ते कळत नाही.
खिडकीत ठेवलाय, तुळशीच्या नसलेल्या जागी.

आणि ऑक्सलीच्या शेडमध्ये
जांभळ्या फ्रेमला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली आहे,
तिच्यावर माझं नाव, त्याच्या हाताचं, चुकीचं.
दहा पौंड आगाऊ दिलेत.
ते कुठल्याच बेरजेत धरलेले नाहीत.