पांढरा कुठला

नान्नजच्या माळावरून पहाटे परतले
तेव्हा स्वेटरला कुसळं, लेन्सवर दव,
आणि कार्डात एकशे बारा फायली,
प्रत्येकीत दोन मिनिटांचं मृग.

कच्ची फाईल उघडली की आधी नुसता काळोख.
तो ताणत न्यायचा, हलक्या हाताने,
मग वर येतो हिरवा,
शेवाळल्या हौदासारखा.
सेन्सरच्या दर चार घरांत दोन हिरवी असतात,
आभाळाचा त्यात काही दोष नाही.

रंगखान्यात आमच्या कच्चा म्हणजे
पहिल्या धुण्यात पळणारा,
गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारा.
इथे उलटं. कच्च्यातच सगळं शाबूत,
पक्कं करायला घेतलं की काहीतरी सांडतंच.

दक्षिणेकडे सोलापूरचा उजेड,
फ्रेमच्या खालच्या कडेला तांबूस, पातळ चहासारखा.
तो वजा करते.
एमआयडीसी वजा, अक्कलकोट रोडचे दिवे वजा,
विडी घरकुलात आईने माझ्यासाठी
जळता ठेवलेला जिन्यातला बल्बही
त्यातच गेला असणार.

मग पांढरा ठरवायचा.
सूर्याच्या जातीचा एखादा तारा शोधायचा,
त्याला पांढरा म्हणायचं,
बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून आपापला रंग घ्यायचा.
तीन वेळा केलं. तीन आभाळं निघाली.

म्हणून नान्नांना बोलावलं.
नरसय्या येमूल, एकेचाळीस वर्षं रंगमास्तर,
ओल्या सुतावर कधी मत दिलं नाही,
"वाळू दे, ओलं सूत खोटं बोलतं."
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज नववा दिवस.

खुर्ची ओढून बसले. डावा डोळा मिटला.
"निळं फार."
उजवा मिटला.
"आता बरोबर आहे की."
परत डावा. परत उजवा.
बाणाखालचा तेजोमेघ तोच,
मी माऊसला हातही लावलेला नव्हता.

मग उठले, पेटीतून चादर काढली,
शेवटच्या लॉटमधली, मोरपंखी काठाची,
दारातल्या उन्हात धरली
आणि खूप वेळ एकेका डोळ्याने बघत राहिले.
"किती वर्षं गं," ते म्हणाले,
"मी निळं जास्त घालत होतो?"

कारखान्यात कुणी काही बोललं नव्हतं.
चादरी खपल्या होत्या.
मी म्हटलं, मला तर हा मोरपंखीच दिसतो.
"तुला लहानपणापासून हाच दाखवला ना."

चादर घडी न घालता माझ्या मांडीवर टाकली,
लॅपटॉप तिच्यावर ठेवायला लावला.
"कमी कर. अजून. पुरे.
नको, अर्धं परत आण."

स्लायडर तिथेच सोडला.
मूळ फाईल ठेवायची का, विचारत होतं.
ठेवली.
दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे.