मापपट्टी

नववी ब. मशीन वीस, चालू चौदा,
पोरं बेचाळीस.
मी प्रश्नावली वाटतो:
‘संगणकाच्या तासाला मला आपलेपणा वाटतो.’
एक ते पाच. एकाच आकड्याला गोल करा.

सुकन्या मगदूम विचारते, सर,
माउस हातात आला त्या दिवसाचं लिहू
का नाही आला त्या दिवसाचं?

तिचा बाप उद्यमनगरात लेथवर.
त्याच्या मायक्रोमीटरला
केसाची जाडीसुद्धा कळते.
माझ्याकडं आकडे पाच.

अवधूतनं सगळीकडं पाचच केलेत,
न वाचता, घंटेच्या आत.
शाहीन मुजावरनं तीन आणि चारच्या मधे
पेन्सिलनं बारीक रेघ मारलीय,
खोडलीय,
परत मारलीय.

रात्री एक्सेलमधे भरताना
त्या रेघेला रकाना सापडेना.
सरासरी आली तीन पूर्णांक सहा.
शेरा लिहिला, समाधानकारक.

सकाळी लॅबचं कुलूप काढतोय
तर शाहीन मागं उभी, धापा टाकत:
सर, तो लूप संपत नव्हता ना काल,
कुठं चुकलं ते कळलं,
आत्ता, रंकाळ्याच्या वळणावर,
सायकलवरच.

एक चप्पल काढली होती तिनं.
दुसरी राहिली पायात.